कॉकपिटमधला फोन: सोलापूरच्या एका सहवैमानिकाचे प्रकरण

प्रसंग

२०२५ च्या जुलैअखेरीस सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीजवळच्या एका चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. त्यावरच्या छायाचित्रात विमानाच्या कॉकपिटची उजवी बाजू, गडद चष्मा लावलेला एक तरुण सहवैमानिक, त्याच्यासमोरचे उजळलेले पडदे आणि काचेपलीकडे जवळ येत असलेली धावपट्टी दिसत होती. हे छायाचित्र कोणी छायाचित्र म्हणून काढलेलेच नव्हते. अठ्ठावन्न सेकंदांच्या एका चित्रफितीतले एक दृश्य थांबवून ते उचललेले होते. ती चित्रफीत त्या तरुणाने स्वतःच्या फोनवर, स्वतः कर्तव्यावर असलेल्या प्रवासी उड्डाणात, विमान उतरत असताना घेतली होती. त्याने ती कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली, भाच्याने तिला गाणे जोडून ती इन्स्टाग्रामवर चढवली आणि तीन दिवसांत ती फिरत फिरत कंपनीच्या सुरक्षा विभागापर्यंत पोहोचली. चौथ्या दिवशी त्याला रोस्टरवरून उतरवण्यात आले आणि कारणे दाखवा नोटीस हाती पडली. फ्लेक्स पाचव्या दिवशी लागला, कारण मुलाला घरी बसवले आहे हे वस्तीत सांगण्याचे धाडस घरातल्या कोणालाही झाले नव्हते.

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. या तरुणाचे वडील, ज्यांना सगळी वसाहत अण्णा म्हणते, यंत्रमागावर टॉवेल आणि चादरी विणण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ असून माझा त्यांचा जुना परिचय आहे. खुलाशाचा मसुदा तयार करण्यासाठी ते मुलाला घेऊन माझ्याकडे आले, आणि त्यानंतरच्या चार दिवसांत जे घडले ते पुढे दोघांच्या संमतीने मी वर्गात प्रकरण म्हणून मांडले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. एवढे मात्र सांगतो की ती कंपनी सोलापूरला विमानसेवा देत नाही आणि चित्रफितीतली धावपट्टीही सोलापूरची नव्हे.

या चित्रफितीचे सोलापूरला एवढे अप्रूप का वाटले, हे बाहेरच्या वाचकाला कळणे कठीण आहे. होटगी रस्त्यावरचा विमानतळ या शहराने वर्षानुवर्षे रिकामाच पाहिला. साखर कारखान्याची चिमणी उड्डाणमार्गात येते की नाही, यावर इथे कुटुंबे आणि पक्ष दुभंगले. अखेर १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि ९ जून २०२५ पासून गोव्याची नियमित सेवा सुरू झाली. विमान उतरताना पाहायला लोक कुंपणाशी गर्दी करत होते, त्याच दिवसांत आपल्याच वस्तीतला, यंत्रमाग कामगाराचा मुलगा विमान उतरवताना दिसतो, ही गोष्ट हातोहात पसरली नसती तरच नवल. पण दुसरीही एक पार्श्वभूमी होती. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोईंग ७८७ उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले होते आणि २६० माणसे गेली होती. त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. कॉकपिटमध्ये काय चालते, या प्रश्नावर देशभर कान टवकारलेले असताना एका सहवैमानिकाची गाणे लावलेली चित्रफीत कंपनीने सहज घ्यावी, अशी अपेक्षाच चुकीची होती.

खुलाशाचा पहिला मसुदा

तरुणाने स्वतः लिहून आणलेल्या मसुद्यात चार मुद्दे होते, आणि त्यांतला एकही उडवून लावण्यासारखा नव्हता. पहिला मुद्दा असा की त्या उड्डाणात विमान कॅप्टन चालवत होते. तो स्वतः ‘पायलट मॉनिटरिंग’ होता, म्हणजे नियंत्रणे त्याच्या हातात नव्हती. दुसरा असा की फोन त्याने उजव्या बाजूच्या खिडकीच्या काचेला चोषणपट्टीच्या धारकाने (सक्शन होल्डरने) बसवला होता, बारा हजार फुटांच्या वर असतानाच चित्रीकरण सुरू केले होते आणि विमान धावपट्टीवरून बाहेर वळेपर्यंत फोनला हात लावला नव्हता. तिसरा मुद्दा असा की कॅप्टनने धारक पाहिला होता आणि आक्षेप घेतला नव्हता. चौथा मुद्दा थोडा बोचरा होता: गणवेशातली, कॉकपिटमधली आकर्षक छायाचित्रे कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर टाकावीत असे कंपनीचाच प्रसिद्धी विभाग सुचवत असे, आणि विमान जमिनीवर उभे असताना काढलेले त्याचे एक छायाचित्र कंपनीने पूर्वी स्वतःच्या खात्यावरून मिरवलेही होते.

मसुदा वाचून माझे पहिले मत त्याच्या बाजूने झाले होते, हे कबूल केले पाहिजे. हात न लावलेला, एका जागी घट्ट बसवलेला फोन कोणाचे काय बिघडवतो, असे मलाही वाटले. गाडीच्या काचेला कॅमेरा लावून हजारो लोक सोलापूर-पुणे महामार्गावर जातात, त्यातलाच हा प्रकार, अशी माझी समजूत होती.

मात्र खुलाशात ‘फोनला हात लावला नाही’ असे लिहायचे, तर त्याला आधार म्हणून मूळ चित्रीकरण जोडावे, असे मी सुचवले. इन्स्टाग्रामवरची फीत अठ्ठावन्न सेकंदांची होती. मूळ चित्रीकरण अकरा मिनिटांचे होते आणि ते त्याच्या फोनमध्ये तसेच पडून होते. उतरल्यानंतर त्याने शेवटचा भाग कापून घरी पाठवला होता, पूर्ण अकरा मिनिटे त्याने स्वतःही कधी पाहिली नव्हती. ती आम्ही माझ्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून पाहिली.

अकरा मिनिटे

पहिली आठ मिनिटे काहीच घडत नाही. आकडे वाचले जातात, नियंत्रण कक्षाशी बोलणे होते, चाके खाली येतात. मग सुमारे पंधराशे फुटांवर चित्र हळूच तिरके होऊ लागते. धारकाची पकड सुटत चालली होती. त्याच सुमारास डावीकडून कॅप्टनचा आवाज येतो, “लँडिंग चेकलिस्ट,” म्हणजे उतरण्यापूर्वीची तपासणी-यादी वाचण्याची सूचना. उत्तर येत नाही. चित्रात एक तळहात मोठा होत जवळ येतो, फोन धरतो, काचेवर दाबतो, चित्र सरळ होते, आणि मग उत्तर येते. मध्ये चार सेकंद गेले.

तरुणाने ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिले. तो खोटे बोलत नव्हता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते. त्याला ती हालचाल खरोखरच आठवत नव्हती. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा हाच आहे. ज्या कृतीची आठवणही उरली नाही, ती कृती करताना लक्ष कुठे होते, हे तो माणूस स्वतः सांगू शकत नाही.

अण्णा तोपर्यंत गप्प होते. ते एवढेच म्हणाले, “माग चालू असताना कोण बोलायला आलं तर मी धोट्याकडं बघत बोलतो, माणसाकडं नाही.”

चार सेकंद म्हणजे किती, याचा हिशोब आम्ही कागदावर मांडला. तो उडवतो ते एअरबस ए३२० जातीचे विमान उतरताना साधारण १४० नॉट वेगाने येते, म्हणजे सेकंदाला सुमारे ७२ मीटर. मिनिटाला सातशे फूट या नेहमीच्या गतीने ते खाली येत असते. तेव्हा चार सेकंदांत विमान जवळपास २९० मीटर पुढे आणि सुमारे ४५ फूट खाली जाते. पंधराशे फुटांवर ४५ फूट ही मोठी गोष्ट नव्हे, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. पण धारक पंधराशेऐवजी दोनशे फुटांवर सुटला असता तर त्याचा हात थांबला असता काय, या माझ्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही, आणि न दिलेले उत्तर मला प्रामाणिक वाटले.

इथे पहिला मुद्दाही कोसळतो. प्रवाशांना, आणि खरे तर माझ्यासारख्या शिक्षकालाही, असे वाटते की विमान चालवणारा एक आणि दुसरा त्याचा सहायक. प्रत्यक्षात दोघांच्या कामाची विभागणी अशी असते की एकाने विमान चालवायचे आणि दुसऱ्याने पाहायचे. वेग घसरतो आहे का, खाली येण्याची गती वाढते आहे का, मार्ग ढळतो आहे का, हे पाहून मोठ्याने बोलणे, यादी वाचणे, रेडिओ सांभाळणे हेच पायलट मॉनिटरिंगचे काम असते. ठरलेल्या उंचीपर्यंत, बहुतेक कंपन्यांत हजार किंवा पाचशे फुटांपर्यंत, विमान वेग, दिशा आणि उतार या तिन्ही बाबतींत स्थिर झाले नसेल तर उतरणे सोडून पुन्हा वर जायचे असते, आणि ते स्थिर नाही हे चालवणाऱ्याच्या आधी पाहणाऱ्याच्या ध्यानात यावे, अशी ही रचना आहे. ‘मी विमान चालवत नव्हतो, फक्त पाहत होतो’ हा बचाव म्हणूनच उलटा पडतो. त्याच्याकडे काम होते ते पाहण्याचेच, आणि नेमके तेच त्या चार सेकंदांत झाले नाही.

नियम कशातून आले

दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये उड्डाणाशी संबंध नसलेले काहीही करू नये, बोलूही नये, हा नियम वैमानिक ‘स्टेराइल कॉकपिट’ या नावाने ओळखतात. त्याचा उगम अमेरिकेत आहे. ११ सप्टेंबर १९७४ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे २१२ क्रमांकाचे उड्डाण शार्लट येथे दाट धुक्यात उतरताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि ८२ पैकी ७२ जणांचा मृत्यू झाला. ध्वनिमुद्रणात शेवटच्या मिनिटांतले दोघा वैमानिकांचे संभाषण सापडले. ते राजकारणावर आणि जुन्या मोटारींवर चालले होते. त्यानंतर सात वर्षांनी, १९८१ मध्ये, अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने हा नियम केला. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे एक विमान मिनिआपोलिसला उतरायचे सोडून सुमारे दीडशे मैल पुढे निघून गेले. दोघे वैमानिक आपापल्या लॅपटॉपवर वेळापत्रकाची नवी प्रणाली पाहण्यात गुंगले होते. २०१४ मध्ये अमेरिकेने प्रवासी विमानांच्या वैमानिकांना कर्तव्याच्या जागेवर खासगी कामासाठी लॅपटॉप वा फोन वापरण्यास पूर्ण बंदी केली. ही बंदी दहा हजार फुटांपुरती नाही, सरळ उड्डाणाच्या शांत तासांनाही ती लागू आहे.

भारतात या विषयाला एक वेगळा पदर आहे. १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने उडत्या विमानातून परवानगीशिवाय छायाचित्र घेण्यास मनाई केली होती. हा नियम हेरगिरीच्या भीतीतून आलेला आहे, लक्ष विचलित होण्याच्या भीतीतून नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये चंडीगड-मुंबई विमानात वृत्तवाहिन्यांच्या प्रतिनिधींनी एका अभिनेत्रीभोवती केलेल्या गर्दीनंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने याच नियमाचा आधार घेऊन, असा प्रकार घडला तर त्या मार्गावरील सेवा दोन आठवडे थांबवण्याचा आदेश काढला, आणि दुसऱ्याच दिवशी प्रवाशांना आपल्या आसनावरून छायाचित्रे घेण्याची मुभा असल्याचा खुलासाही केला. प्रवाशाची मुभा वैमानिकाला लागू होत नाही, हे सांगायला नको. आमच्या तरुणाच्या कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये तर उड्डाणादरम्यान खासगी उपकरण वापरू नये, असे एक स्वच्छ वाक्य होते. त्याने ते वाचलेले होते, त्यावर परीक्षाही दिलेली होती.

आपल्याकडे कॉकपिटमधली शिस्त ढिली पडल्याची उदाहरणे अधूनमधून उघड होतात ती चित्रांमुळेच. २०२३ च्या होळीला एका विमानात इंजिनाच्या इंधन-नियंत्रणाजवळ ठेवलेल्या कॉफीच्या पेल्याचे छायाचित्र पसरले आणि दोन्ही वैमानिकांना कामावरून दूर करण्यात आले. पेला उघडा होता आणि सांडला असता तर काय झाले असते, ही कल्पनेतली गोष्ट नाही: २०१९ मध्ये अटलांटिकवर एका ए३३० विमानात सांडलेल्या कॉफीने संपर्काच्या उपकरणांचे पॅनेल बिघडवले आणि विमान आयर्लंडमधील शॅननला वळवावे लागले.

खिडकीची काच आणि साइडस्टिक

तरुणाचा दुसरा मसुदा अधिक सावध होता. त्यात त्याने उतरतानाच्या चित्रीकरणाबद्दल चूक मान्य केली, पण एक वाक्य जोडले: सरळ उड्डाणात, ऑटोपायलट चालू असताना घेतलेल्या चित्रीकरणाने कोणताही धोका संभवत नाही. माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनीही नंतर हीच भूमिका घेतली. छत्तीस हजार फुटांवर वैमानिक जेवतात, गप्पा मारतात. मग सूर्योदयाचे एक छायाचित्र घेतले तर बिघडले कुठे?

याचे उत्तर ९ फेब्रुवारी २०१४ च्या एका घटनेत आहे. ब्रिटिश हवाई दलाचे व्हॉयेजर, म्हणजे एअरबस ए३३० वर आधारित विमान, इंग्लंडहून अफगाणिस्तानकडे १९८ जणांना घेऊन ३३,००० फुटांवरून चालले होते. ऑटोपायलट चालू, हवामान शांत, सहवैमानिक चहासाठी बाहेर गेलेला. कॅप्टन वेळ घालवण्यासाठी स्वतःच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेत होता. कॅमेरा त्याने आसनाचा हात आणि साइडस्टिक, म्हणजे विमान वर-खाली करण्याची आणि वळवण्याची छोटी दांडी, यांच्या मधल्या जागेत ठेवला. थोड्या वेळाने त्याने आसन पुढे सरकवले, कॅमेरा मधे अडकला आणि त्याच्या दाबाने साइडस्टिक पूर्ण पुढे रेटली गेली. २७ सेकंदांत विमान ४,४०० फूट खाली गेले. माणसे छतावर आपटली, अनेक जखमी झाली, विमान तुर्कस्तानातील इंजिर्लिकच्या तळावर उतरवावे लागले. पुढे कॅप्टनवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि कर्तव्यातील हलगर्जीपणाबद्दल तो दोषी ठरला.

हे सांगून झाल्यावर मी तरुणाला एकच विचारले: ए३२० मध्ये सहवैमानिकाची साइडस्टिक कुठे असते? त्याच्या उजव्या हाताला, खिडकीच्या बाजूला. म्हणजे त्याने फोन चिकटवला होता त्या काचेच्या खालीच. धारकाची पकड पूर्ण सुटली असती तर फोन पडण्याची जवळची जागा तीच होती. हा दुवा जुळल्यावर त्याने ते जोडलेले वाक्य स्वतःहून खोडले. त्या दिवसापासून मी वर्गात कॉकपिटच्या धोक्यांची यादी देणे बंद केले आहे. साइडस्टिक कुठे असते, एवढेच विचारतो.

यापलीकडे एक धोका आहे जो कोणत्याही धारकाने टळत नाही. कॅमेरा सुरू असला की कॉकपिटमध्ये दोघांखेरीज एक अदृश्य प्रेक्षक येऊन बसतो. उतरणे सोडून पुन्हा वर जाणे हा वैमानिकाचा नित्याचा आणि शहाणपणाचा निर्णय असतो, त्याबद्दल त्याला कोणी बोल लावत नाही. पण ‘आज घरी दाखवायला उतरण्याची फीत घ्यायची आहे’ असे मनात असेल तर तोच निर्णय मनावर किंचित जड होतो. हे मोजता येत नाही आणि या प्रकरणात तसे घडल्याचा कोणताही पुरावा नाही, म्हणून खुलाशात त्याचा उल्लेख आम्ही केला नाही. पण तरुणाने स्वतःहून सांगितले की त्या दिवशी त्याने चष्मा लावला होता तो उन्हासाठी नव्हता.

दुसरी बाजू

विरोधाचे एवढे सांगितल्यावर बाजूने जे आहे तेही त्याच गांभीर्याने मांडायला हवे. कॉकपिटमधली चांगली चित्रफीत विमानाची भीती कमी करते, हे मी माझ्या पत्नीच्या बाबतीत पाहिले आहे. ढगांतून बाहेर पडताना होणारी हादरे-खळखळ आतून किती निवांतपणे हाताळली जाते, हे एकदा पाहिलेल्या माणसाला नंतर आसनाचा हात घट्ट धरावा लागत नाही. सोलापूरसारख्या शहरातल्या मुलांच्या दृष्टीने तर या फितीच पहिली शाळा ठरतात. हा तरुण स्वतः अकरावीत असताना अशाच परदेशी फिती पाहून या वाटेला लागला होता. त्याच्या भाच्याने ती फीत खोडसाळपणाने चढवली नव्हती, मामाचा अभिमान होता म्हणून चढवली होती.

पण त्या परदेशी फितींतल्या अनेक गाजलेल्या फिती कशा तयार होतात, हे पाहिले की वाद बराच मिटतो. तिथे कंपनीची लेखी परवानगी असते, कॅमेरे उड्डाणापूर्वी तपासून घट्ट बसवलेले असतात, आणि चित्रीकरण करणारा माणूस वैमानिकांच्या मागच्या अतिरिक्त आसनावर बसलेला तिसरा माणूस असतो. फोन तिरका झाला तर त्याने हात लावायचा, वैमानिकाने नाही. लग्नात सप्तपदी चालली असताना नवरदेवाने स्वतःचाच व्हिडिओ काढू नये, त्यासाठी फोटोग्राफर बोलावलेला असतो, एवढा साधा हा भेद आहे. माझे मत यावर ठाम झाले आहे: चित्रीकरणाला हरकत नाही, कामावर असलेल्या वैमानिकाने ते करण्याला हरकत आहे, मग उंची कोणतीही असो.

कंपनीच्या वागण्यातील विसंगती मात्र या भेदाने झाकली जात नाही. ज्या प्रसिद्धी विभागाला कॉकपिटमधली छायाचित्रे हवी होती, त्याने ती कधी आणि कशी घ्यायची हे एका ओळीनेही सांगितले नव्हते. बंदीचे वाक्य मॅन्युअलमध्ये, प्रोत्साहन समाजमाध्यमांवर, आणि पंचविशीतल्या मुलाने दोहोंची सांगड स्वतः घालायची. आम्ही हा मुद्दा खुलाशात ठेवला, पण शेवटी आणि तक्रारीचा सूर टाळून.

चित्रीकरण द्यावे की नाही

आता उरला तो सर्वांत अवघड प्रश्न. कंपनीकडे केवळ अठ्ठावन्न सेकंदांची फीत होती. तीत हात दिसत नव्हता, चेकलिस्टचे संभाषणही नव्हते. मूळ अकरा मिनिटे फोनमधून पुसून टाकली असती तर ‘फोनला हात लावला नाही’ हे विधान कोणी खोडून काढू शकले नसते. त्या विमानातील ध्वनिमुद्रकावर दोन तासांनंतर नवे बोलणे चढते, त्यामुळे तोही पुरावा केव्हाच गेला होता. भाऊबंदांपैकी एकाने तसा सल्ला दिलाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तो मूर्खपणाचा नव्हता.

या टप्प्यावर अहमदाबादच्या अपघातानंतर उठलेली चर्चा आमच्या उपयोगी पडली. १२ जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. तसेच एकाने ‘तू बंद का केलेस’ असे विचारल्याची आणि दुसऱ्याने आपण केले नसल्याचे सांगितल्याची नोंदही होती. कोण कोणाशी बोलत होते, हे अहवालात नव्हते. त्यानंतर विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे (आयाटा) तेव्हाचे प्रमुख विली वॉल्श यांच्यासह अनेकांनी कॉकपिटमध्ये चित्रमुद्रक बसवण्याचा विचार व्हावा, असे म्हटले. अमेरिकेतील अपघात तपास मंडळ तर ही शिफारस कित्येक वर्षे करत आले आहे. वैमानिकांच्या संघटना तिला विरोध करतात. कामाच्या जागी सतत कॅमेरा म्हणजे खासगीपणावर घाला आहे, आणि मृत सहकाऱ्याची शेवटची दृश्ये एक दिवस वाहिन्यांवर दिसतील, ही त्यांची भीती अनाठायी नाही. मीही त्या भीतीला किंमत देतो. पण मग त्याच पेशातल्या काहींनी त्याच कॉकपिटमध्ये स्वतःच्या हाताने कॅमेरा लावावा, शेजारच्या कॅप्टनचा आवाज न विचारता मुद्रित करावा आणि तो गाण्यासह जगाला दाखवावा, यातली विसंगती तरुणाने स्वतः बोलून दाखवली. तो स्वतः त्या विरोधाच्या बाजूचा होता.

सुरक्षेच्या क्षेत्रात एक तत्त्व मानले जाते की चूक स्वतःहून सांगणाऱ्याला शिक्षा देण्यापेक्षा त्याच्याकडून शिकावे, अन्यथा पुढचा माणूस सांगणारच नाही. मात्र जाणूनबुजून नियम मोडण्याला हे संरक्षण नाही. आमच्या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. फोन लावणे हे जाणूनबुजून केलेले होते, हात पुढे जाणे ही नकळत झालेली चूक होती. पहिलीची शिक्षा तो टाळू शकत नव्हता. दुसरी सांगितल्याने ती शिक्षा वाढेल की कमी होईल, हे मला ठरवता आले नाही आणि मी तसे त्याला सांगितले. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, “सर, तुम्ही दोघं शिकलेले आहात, तुम्ही बघा,” पण उठून जाताना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

त्याने अकरा मिनिटे खुलाशासोबत जोडली. आधी कॅप्टनना फोन करून सांगितले, कारण त्या चित्रीकरणात त्यांचे मौनही मुद्रित झाले होते. कॅप्टन दोन दिवस बोलले नाहीत, मग त्यांनी स्वतःचे वेगळे निवेदन दिले.

पुढे काय झाले

तरुण सुमारे दोन महिने उड्डाणाबाहेर राहिला. त्याला सहकार्य आणि लक्षविभाजनाचे प्रशिक्षण पुन्हा घ्यावे लागले, सिम्युलेटरवर परीक्षा द्यावी लागली, वर्षाची वेतनवाढ थांबली. कॅप्टनला नवोदितांना शिकवण्याच्या कामातून काही काळ काढण्यात आले. ही शिक्षा मला तरुणाच्या शिक्षेपेक्षा अधिक योग्य वाटली, कारण धारक दिसताच ‘तो काढ’ हे दोन शब्द बोलण्याचा अधिकार आणि वय दोन्ही त्यांच्याकडे होते. कंपनीने नवे परिपत्रक काढून प्रसिद्धी विभागाला उडत्या विमानातली छायाचित्रे मागण्यास मनाई केली. भाच्याने फीत काढून टाकली, पण तिच्या प्रती अजून फिरतात. फ्लेक्स गणपतीपर्यंत तसाच होता, मग त्यावर मंडळाचा फ्लेक्स चढला.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी तो घरी आला तेव्हा भेटायला आला. मूळ चित्रीकरण, आवाज बदलून आणि चेहरा झाकून, आता कंपनीच्या प्रशिक्षण वर्गात दाखवतात, असे त्याने सांगितले. वर्गाला ते चित्र कुठे आणून थांबवतात, असे मी विचारले. “लँडिंग चेकलिस्ट म्हटल्यावर,” तो म्हणाला, “आणि मग कोणी काही न बोलता चार सेकंद मोजायला लावतात.”